जुन्या फ्रिजमधला नागोबा

बायको वारली, त्याला पाच आठवडे झाले होते. तिच्या प्रयोगशाळेतली मैत्रीण दारातूनच म्हणाली, "भावजी, इनक्युबेटर बिघडला. नागोबा मेले सगळे."

नागोबा म्हणजे किड्याच्या आतड्यात फुकट राहणारा एकपेशीय जीव. आयत्या बिळावर नागोबा, म्हणून माझ्या हिनेच ठेवलेलं नाव. पेरॉक्साइडने पेशी जळतात, पण नागोबाकडे ते फोडून टाकणारं एन्झाइम आहे; फोडताना बुडबुडे येतात. माणसाच्या रक्तात राहणाऱ्या त्याच्या चुलतभावांकडे ते नाही. हिचं म्हणणं, नागोबाच्या कुठल्यातरी पूर्वजाने ते एका जिवाणूकडून उचललं. "राहायला दुसऱ्याचं घर, वर हत्यारही दुसऱ्याचं!" असं सांगताना तिला हसू आवरायचं नाही. पण तिचा लेख तपासणारे म्हणाले, तुमच्या नळीत जिवाणू मिसळलेत, बुडबुडे त्यांचेच. म्हणून हिने वर्षभर खपून जिवाणूंविना नागोबा वाढवले होते. तेच आता गेले.

"माझ्याकडे एक नळी आहे," मी म्हणालो.

मी फ्रिज दुरुस्त करतो. हिने माझ्याकडून एक जुना फ्रिज सत्तावीस अंशांवर राहील असा करून घेतला होता. दर रविवारी जुन्या नळीतले चार थेंब नव्या नळीत घालायचं काम माझं. "अहो, हात धुतले? परत धुवा. अजून एकदा." नव्या नळ्या ती खाद्य भरून ठेवून गेली होती, म्हणून मी ते करत राहिलो. रविवारी दुसरं काय करणार?

मैत्रिणीने माझ्या नखांतलं काळं पाहिलं. "या हातांनी?"

"दुसरे कुठून आणू?"

तिने थेंब ताटलीवर पसरले. नळीत जिवाणू असले तर तिथे ठिपके उठणार होते. एक जरी ठिपका आला तर हिचं वर्ष पाण्यात, तेही माझ्यामुळे.

चौथ्या दिवशी तिने बोलावलं. ताटली कोरी होती. मग तिने नळीतल्या थेंबांवर पेरॉक्साइड सोडलं. बुडबुडे फसफसून वर आले.

"नागोबाचेच, भावजी!"

निकाल लिहायला तिने हिची वही उघडली आणि मधेच थांबून माझ्यापुढे सरकवली. कोपऱ्यात हिचं अक्षर: 'राखीव नळी घरी, ह्यांच्याकडे. कुरकुरतात, पण हात धुतात.'

"तीनदा," मी म्हणालो.