दोनदा जेवलेली बंदूक

आकाराम आबांनी नातीला बंदूक भरायला शिकवली ती चहाच्या भुकटीनं.

कळंब्याच्या तळ्यापलीकडं, उसाच्या फडांमध्ये त्यांची वस्ती होती. माघातल्या सकाळी तळ्यावरून धुकं उठायचं आणि सावकाश चालत वर यायचं. आधी ऊस बुडायचा, मग गोठा, मग घराची पायरी. अंगणात कोण आहे ते तोंडावरून नाही, खोकल्यावरून कळायचं. अशा धुक्यात आबा पायरीवर बसत. मांडीवर पोकळ बांबूचा तुकडा, शेजारी चहाचा डबा, नारळाच्या काथ्याचे गोळे आणि हात फिरून फिरून गुळगुळीत झालेली एक काठी. समोर पाय दुमडून तेजस्वी. ती कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दहाची बस गाठायची असली, तरी शिकताना तिनं कधी घड्याळ बघितलं नाही.

खरी बंदूक आत भिंतीला टांगलेली असे. ठासणीची, आबांच्या वडिलांच्या वेळची. तिला काडतूस लागत नाही. दर वेळी नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा गोळा घालायचा आणि लोखंडी गजानं ठासायचं. परवाना रानडुकरांसाठी होता, पण डुकरावर ती चालल्याचं तेजस्वीनं कधी पाहिलं नव्हतं. ती वर्षातून एकदाच बोलायची. यात्रेच्या सकाळी भैरोबाची पालखी तळ्यावर न्हायला निघते, तेव्हा सलामीचा बार काढायचा. त्यात गोळी नाही, छर्रा नाही. नुसती दारू नि काथ्या, आणि नळी आभाळाकडं. तो बार झाल्याशिवाय पालखी जागची हलत नसे, आणि तो बार आबांचा होता.

यंदा मात्र घास मोडता मोडता तेजस्वीचे पप्पा, अमरसिंह, म्हणाले होते, "आबांचं आता काय खरं न्हाय. परवा गोठ्यात दोनदा वैरण टाकली. चपला घालून आंघोळीला बसले. तेजू, परवाना तुझ्या नावावर झालाय न्हवं? मग शीक तरी. न्हायतर यात्रेच्या आधी बंदूक ठाण्यात जमा करून येतो मी."

आबा तिथंच जेवत होते. त्यांनी ताटातली भाकरी आमटीत कुस्करली आणि म्हणाले, "शिकवतो की."

तेवढंच. पण तेजस्वीला कळलं होतं. बंदूक गेली तर भिंतीवर खुंटी राहील आणि पायरीवर आबा राहतील, आणि दोघांनाही काही काम उरणार नाही.

"ही बाई हाय," पहिल्या दिवशी बांबू तिच्या हातात देत आबा म्हणाले. "दारात बाई आली तर आपण पैलं काय विचारतो?"

"जेवलीस का?"

"हां. हिलाबी तेच विचारायचं. दारूच्या डब्याला हात लावायच्या आधी. कसं विचारायचं? ही काठी म्हंजे गज. त्यो नळीत सोडायचा. पोट रिकामं असलं तर गजावरची ही खूण नळीच्या तोंडाशी येऊन थांबती. जेवली असली तर गज वर ऱ्हातो, चार बोटं. ती खोटं बोलत न्हाय. माणूस बोलतंय."

मग दारूच्या जागी चहाची भुकटी. मापानं ओत, गोळा घाल, ठास. हात जड नको, हलका नको. पिठाचा डबा भरताना आपण डबा जमिनीवर आपटतो, तसा दमानं. तेजस्वीचं माप वाकडं पडलं तरी आबा मध्ये बोलत नसत. ती सगळं पुरं करी, मग ते बांबू उलटा धरून भुकटी परातीत ओतत आणि म्हणत, "पुन्यांदा." त्या एका शब्दात राग नसे, कंटाळा नसे. जणू जगात सकाळी भरपूर पडल्या आहेत आणि त्या सगळ्या याच कामासाठी आहेत.

"आवं, चा ठेवा जरा प्यायला," आतून आजी, बनाबाई, ओरडायच्या. "त्यो बांबू पितोय चा आणि मी बसलोय कोरं पाणी उकळत."

"बांबूला साखर लागत न्हाय. तुझ्यापेक्षा परवडतंय त्ये," आबा म्हणायचे.

मध्येच कधी ते गप्प होत. काठी हातात तशीच आणि नजर धुक्यात. तेजस्वी थांबून राही.

"काल पहाटंबी भरली मी," एकदा ते म्हणाले.

"काय भरली?"

"बंदूक गं. सपनात. रोज भरतो. तळ्याचं पाणी पार अंगणापतूर आल्यालं असतंय, आणि पालखी पाण्यावरनं येती. कुणाच्या खांद्यावर न्हाय, अशी आपली आपण. वाजंत्री हाय, पण आवाज न्हाय. मी गडबडीनं भरतोय, भरतोय, पाय भिजल्यात. आणि बार काढायच्या आत जाग येती."

"मग भिता काय?"

"भ्यायचं काय त्यात. लई बरं वाटतंय. फकस्त बार ऱ्हातोय."

यात्रेच्या आदल्या दिवशी तेजस्वीनं रजा काढली. त्या दिवशी पहिल्यांदा खरी बंदूक पायरीवर आली. बांबूपेक्षा ती फारच जड होती, आणि गार. आबांनी ठिणगी पाडणारी टोपी बसवलेली नाही, घोडा पडलेला आहे, हे दोनदा दाखवलं. नळीचं तोंड उसाकडं केलं. मग हात मागं घेतला.

"विचार."

तेजस्वीनं गज नळीत सोडला. तो सरकत गेला आणि मध्येच थांबला. तिनं खूण शोधली. खूण नळीच्या तोंडाशी नव्हती. चार बोटांवरही नव्हती. ती वर, बरीच वर होती. तिनं गज काढला, पुसला, पुन्हा सोडला. पुन्हा तिथंच.

तिनं मान वर केली नाही. धुक्यात कुठंतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. तिच्या डोक्यात एकाच वेळी दोन गोष्टी उभ्या राहिल्या. उद्या सकाळी आबा या दोन घासांवर तिसरा घास ठासून नळी खांद्याशी उभी करतील, आणि नळी फाटेल. आणि हे आत्ता बोललं तर संध्याकाळी पप्पा बंदूक पोत्यात गुंडाळून घेऊन जातील. आपण गुपचूप रिकामी केली तर? पण रिकामी कशी करायची ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"काय म्हणती?" आबांनी विचारलं.

"जेवलीया," तेजस्वी म्हणाली. मग तिनं त्यांच्याकडं बघितलं. "आबा, दोनदा जेवलीया."

आबांनी गज हातात घेतला. स्वतः सोडला. खुणेवरून बोट फिरवलं, नळीच्या तोंडापर्यंत, आणि परत. त्यांचा चेहरा हळूहळू कसा तरी झाला. बाजारातून घरी आल्यावर पिशवीत दुसऱ्याचं सामान निघावं, तसा.

"म्हंजे समदंच सपान न्हवतं," ते म्हणाले. "कवाकवा सकाळी पाय चिखलानं भरल्यालं असायचं. मी म्हणायचो, दवातनं चाललो असंन."

तेजस्वी त्यांच्या पायांकडं बघत राहिली. भेगांमध्ये तळ्याकाठचा काळा चिखल होता, वाळलेला.

"पप्पांना सांगू नको?" तिनं विचारलं.

"का? तुझ्या दवाखान्यात कुणाच्या रगतात काय निघालं तर चिठ्ठी लपवतीस व्हय?" आबा उठले. "पाणी तापव जरा. भराय समदी शिकत्यात. रिकामी कराय कोण येत न्हाय शिकाया. मीबी शिकवलंच नसतं तुला, भरायच्या नादात."

मग तो धडा झाला. कोमट पाणी नळीत ओतून दारू भिजू द्यायची. घाई करायची नाही, ती पाणी पीत असते. मग गजाच्या टोकाला मळसूत्र लावून फिरवत फिरवत आत जायचं आणि गोळा अलगद ओढायचा. फिरवणारे हात तेजस्वीचे होते. आबांनी आपले हात कमरेमागं एकात एक धरून ठेवले होते, दुकानात काचेच्या भांड्यांजवळ लहान पोर धरतं तसे.

पहिला निघाला तो काथ्याचा गोळा, काळा आणि फुगलेला. त्याच्यामागून शाईसारखं पाणी. मग मळसूत्र आणखी आत गेलं, आणि दुसऱ्यांदा निघालं ते कापड. हिरवं, बारीक काठाचं.

बनाबाई दारात उभ्या होत्या. "त्ये माझं लुगडं हाय," त्या म्हणाल्या. "उंदरानं खाल्लं म्हणून सापळा लावलाय मी, चार दीस. रोज खोबऱ्याचा तुकडा घालतोय."

"उंदीर सापडला," आबा म्हणाले.

बनाबाई हसल्या नाहीत. जवळ येऊन त्यांनी आबांच्या डोक्यावरची टोपी सरळ केली आणि आत गेल्या. थोड्या वेळानं बाहेर चहा आला, तिघांना, चांगला दाट.

संध्याकाळी अमरसिंह वारणानगरहून कामावरून आले. गाडी लावायच्या आत आबांनीच त्यांना गाठलं. "अमर, दोनदा भरलती मी बंदूक. झोपंत. पोरीनं धरलं." अमरसिंहांनी हातातलं हेल्मेट खाली ठेवलं, परत उचललं. ते काही कडक बोलणार होते. पण तेजस्वी पायरीवर नळी फडक्यानं कोरडी करत होती आणि गज पुन्हा पुन्हा आत सोडून बघत होती. दर वेळी खूण नळीच्या तोंडाशी थांबत होती. ते तसेच बघत राहिले.

"कपाटात ठेवा आणि कुलूप घाला," शेवटी ते म्हणाले. "दारूलाबी आणि बंदुकीलाबी. किल्ली तेजूकडं."

"आणि उद्याचा बार?" तेजस्वीनं विचारलं.

"ज्याच्याकडं किल्ली त्याचा बार," आबा म्हणाले. ते म्हणताना त्यांनी तोंड उसाकडं फिरवलं होतं.

यात्रेच्या सकाळी धुकं इतकं होतं की पालखी दिसेना, नुसता गुलाल दिसत होता. लाल ढग उतरावा तसा. तेजस्वीनं बंदूक भरली. आबा शेजारी उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. तिनं नळी आभाळाकडं केली आणि चाप ओढला. बार झाला. तळ्यावरचे सगळे पाणपक्षी एकदम उठले आणि धुक्यात विरघळून गेले. मग पालखी हलली.

आठवडा गेला असेल. एका पहाटे तेजस्वीच्या दारावर टकटक झाली. बाहेर आबा, खांद्यावर घोंगडं, पाय कोरडे.

"तेजा, मी भरली काय गं आत्ता? मला तर भरल्यासारखं वाटतंय."

"थांबा, बघतो," ती म्हणाली. तोंडदेखलं नाही म्हणणं सोपं होतं. पण तिनं किल्ली घेतली, कपाट उघडलं, बंदूक खाली घेतली आणि गज सोडला. आबा चौकटीला टेकून थांबले होते.

"रिकामी हाय, आबा. सपानच हुतं."

"खरं?"

"खरं. पाणी अंगणापतूर आलतं काय?"

"आलतं की. पालखी आत्ता कुठं वळणाला दिसाय लागलीया."

"मग जावा बिगीनं. मी हाय इथं जागी."

आबांनी मान हलवली, घोंगडं नीट ओढून घेतलं आणि उरलेलं स्वप्न बघायला आत गेले.