खाणीचं वळण

"यात बसलं की गाडी चालवतोय का दिवाणखान्यात बसलोय, तेच कळत नाही!" जिल्बेर म्हणाला आणि बारमधली म्हातारी मंडळी हसली. बाहेर सेद्रिकची कोरी हॅचबॅक उभी होती. दिसायला छोटी, पण दोनशे अश्वशक्तीची. "आमची सत्त्याऐंशी सालची. वजन जेमतेम नऊशे किलो. रस्ता थेट ढुंगणाला कळायचा! वळणावर नियम एकच, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा नाही. भीती वाटते त्याने बसने जावं."

सेद्रिक हसला नाही. तो जिल्बेरचा जावई. बायको ऑरेली गेल्यावरही नाताळाआधी एकदा येऊन जायचा. पूर्वी 'पापा' म्हणायचा. आता परक्यासारखं 'मस्ये जिल्बेर'.

"चला, चक्कर मारू," तो म्हणाला.

जन्मभर गॅरेजात लोकांच्या गाड्यांचे पोचे काढणाऱ्या जिल्बेरपाशी मिरवण्यासारखं एकच होतं, ती सत्त्याऐंशीची लाल गाडी. पोरीच्या लग्नात त्याने ती नव्याने रंगवून तिलाच देऊन टाकली होती.

नवी गाडी चढाला लागली. जिल्बेरची कुरकुर चालूच होती. स्टिअरिंग लोण्यासारखं. इंजिनाचा आवाजसुद्धा स्पीकरमधून. "गाडी आहे का नाटक?"

मग रस्ता ओळखीचा झाला.

"हा नको. खाणीकडून नको, सेद्रिक."

सेद्रिकने वेग वाढवला. ओल्या पानांनी भरलेलं वळण आलं आणि ऐन मध्यावर त्याने पाय उचलला. गाडीची मागची बाजू सरकली. जिल्बेरने डोळे मिटले. खालून कसलीशी करकर झाली, एका चाकाला आपोआप ब्रेक लागला आणि गाडी कोणीतरी मानगूट पकडून सरळ केल्यासारखी रस्त्यावर आली.

सेद्रिक कडेला थांबला. 

"मुद्दाम उचलला मी. बघितलंत? काही झालं नाही."

जिल्बेरने डोळे उघडले.

"ऑरेलीला अशीच गाडी घ्यायची होती. तुम्ही म्हणालात, त्यापेक्षा शिवणयंत्र घे. ती लाजली आणि तुमचीच चालवत राहिली."

"ती गाडी चांगली होती."

"होती ना! आणि दफनाच्या दिवशी दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला काय सांगत होतात? पोरीने वळणावर पाय उचलला म्हणून गेली. घाबरली हो ती! माणूस घाबरतं, पापा!"

'पापा' तोंडातून गेल्यावर सेद्रिकने मान फिरवली.

जिल्बेरने काही बोलायला तोंड उघडलं. त्या गाडीचं वजन, तिचं इंजिन, तिची पकड, सगळं त्याला पाठ होतं. त्याने तोंड मिटलं, पट्टा सोडला आणि तो उतरला. लाल गाडी आदळली होती तिथले कठड्याचे डागडुजीचे दगड बाकीच्या दगडांहून अजून पांढरे होते. त्याने टोपी काढली. पुढे काय करायचं ते सुचेना, म्हणून परत घातली.

मागे गाडीचं दार उघडंच राहिलं होतं आणि आतून बारीक घंटी वाजत होती. ते लावून घ्यायला दोघांपैकी कोणीच हात पुढे केला नाही.