गॅलरीतून दिसणारी बाग

"नंबर पुन्हा वाढलाय," डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या आणि क्रांतीच्या पायाखालची जमीन सरकली. लेक मोना अवघी सात वर्षांची! "नुसता चष्मा बदलून भागणार नाही. रोज दोन तास तिला बाहेर, उजेडात खेळू द्या. असाच वाढत गेला तर पुढं डोळ्याच्या पडद्याला धोका असतो."

बाहेर म्हणजे कुठं? कळंब्याकडच्या त्यांच्या कॉलनीत रस्त्यावर गाड्या सुसाट. शाळेचं मैदान शाळा सुटली की बंद. नवरा पुण्याला, क्रांती नोकरीवरून येईतो अंधार पडायचा आणि सासूबाईंना, बायडाबाईंना, गुडघ्यांमुळं तळ्याकाठच्या मोकळ्या जागेपर्यंत चालवत नव्हतं. राहता राहिली कॉलनीची बाग. मुलांसाठीच राखलेली जागा ती! पण पोरांनी गुलाबाच्या फांद्या मोडल्या, तेव्हापासून तिच्या फाटकाला कुलूप होतं. किल्ली कॉलनीच्या अध्यक्षांकडं, म्हणजे क्रांतीच्याच सासऱ्यांकडं, हंबीररावांकडं.

"मामंजी, पाया पडते तुमच्या. मोनापुरतं तरी उघडा," दवाखान्यासाठी रजा काढलेली क्रांती घरी येताच रडकुंडीला आली.

"घरच्या पोरीला सोडलं तर बाकीची पोरं गप बसतील व्हय? रविवारी बागेच्या बक्षिसासाठी परीक्षक यायचेत. लॉनवर एक पाय पडू द्यायचा न्हाय!"

भाजी निवडता निवडता बायडाबाई थांबल्या. "अवो, तुमी ल्हानपणी दिवसभर रानात हुंदडलासा. तुमास्नी असं कोंडून घातलं असतं तर? पोरांनी फांदी मोडली, बरं. मग झाड जपायचं कसं, ते शिकवायचं कुणी त्यास्नी? कुलपानं?"

 हंबीरराव तणतणत गॅलरीत गेले. मोना तिथंच मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती.

"सोड ते. हिकडं ये. बघ की, जास्वंद कशी लालभडक फुललीया!"

मोनानं गजांना नाक लावलं. नवा चष्मा अजून यायचा होता. तिनं जुनाच पुढंमागं करून पाहिला, डोळे बारीक केले.

"कुठं, आजोबा? मला नुसतं हिरवं दिसतंय."

"अगं ती काय, फाटकाजवळ!"

"फाटक कुठाय?"

हंबीररावांच्या काळजात चर्र झालं. अरे देवा! कुणासाठी फुलवली ही बाग? त्यांनी नातीचा हात धरला आणि दोघं अनवाणीच जिना उतरले. मागोमाग आलेल्या क्रांतीच्या हातात त्यांनी किल्ली दिली आणि कुलूप तिनं काढलं.

मोना मात्र गवताच्या कडेलाच थबकली. "आई, टोचतंय गं. पाय घाण होतील." आपल्या लेकीनं कधी गवतावर पायच ठेवला नाही, हे क्रांतीला तेव्हा कळलं आणि तिला रडू आवरेना. हंबीरराव स्वतःच लॉनवर बसले आणि त्यांनी तिला जवळ ओढलं. मग हळूहळू ती जास्वंदीपाशी गेली. फुलाला नाक लागेल इतकी वाकली. "आजोबा, आत पिवळी पावडर हाय!"

फाटकाबाहेर पोरं जमली होती, आता शिव्या बसणार अशा तयारीनं. "या की रं आत! अध्यक्षानं पत्रिका धाडाय पायजे व्हय?" हंबीरराव ओरडले. आवाज मात्र रडवेला होता.

रविवारी बक्षीस गेलं. मोनाचा वाढलेला नंबर काही उतरायचा नाही, तो तिथंच थांबावा एवढीच आता आशा. क्रांतीला अजून रात्री झोप लागत नाही.

मंडळी, मुलांना मातीपासून, उजेडापासून तोडून आपण काय जपतो आहोत? तुमच्या गल्लीतही असं एखादं बंद फाटक असेल. किल्ली कुणाकडं आहे ते आजच विचारा. आणि ती आपल्याच घरात निघाली, तर खाली उतरायला उशीर करू नका.