शेवंतीकाकूंची लाईट

लालबागच्या चाळीत प्रिती आज गॅलरीत गिटार वाजवणार होती. दोन्ही बाजूंनी सूर यावेत म्हणून तिने गिटारचे दोन अँप्लिफायर मांडले. एकाला घरातली लाईट घेतली, दुसऱ्याला शेजारी एकट्या राहणाऱ्या शेवंतीकाकूंनी हौसेनं दिली. पण दोन्ही जोडले की नुसती घूंऽऽ!

"आजोबा, अर्थिंगची पिन काढून टाकू?"

"शॉक खायचाय?" एकेकाळी गिरणीत वायरमन असलेले भिवाआजोबा म्हणाले. "दोन घरांच्या अर्थिंग गिटारच्या वायरीतून भिडतायत. दोन्ही अँप एकाच बोर्डावर घे."

काकूंचा चेहरा उतरला. "म्हणजे माझी लाईट नको?"

आजोबांनी आपल्याच घरातला प्लग काढला आणि तोही काकूंच्या बोर्डाला लावला. घूं थांबली.

काकू उंबऱ्यात ऐसपैस बसल्या. "वाजव गो आता!"