मला साबण लावू नका

मित्रांनो, मी एक जुनी गोणी आहे. नाक दाबायचे असेल तर आत्ताच दाबा. माझ्या अंगाला कुत्र्याचा वास येतो, आणि तो वास कुणी घालवू नये एवढ्यासाठीच मी आज बोलते आहे. एरवी मला माणसांशी बोलायची हौस नाही.

मी जातीची तागाची. मला कुठे विणले ते आठवत नाही. पण जळगावच्या एका डाळमिलमध्ये माझ्यात पहिल्यांदा तुरीची डाळ भरली, तो दिवस आठवतो. काय माझा तोरा होता! पोटावर निळ्या शाईचा शिक्का, तोंडाला नवी सुतळी. पुढे उंदरांनी एक कोपरा कुरतडला आणि माझी रया गेली. डाळीची गोणी भुशाला लागली, भुशाची गोवऱ्यांना, आणि शेवटी मी असोद्याच्या केळीच्या बागेत कौतिक आबांच्या खोपीत येऊन पडले.

आबा त्या बागेचे राखणदार. म्हातारपणी त्यांची नजर गेली होती. कान मात्र तिखट होते, आणि डोळ्यांच्या जागी त्यांच्याकडे भुऱ्या नावाचा कुत्रा होता. आबांनी मला झटकून दारात अंथरले. भुऱ्या आला, माझ्यावर गरगर गिरक्या घेतल्या आणि फतकल मारून बसला. तेव्हापासून आमचे वैर. त्याची लाळ, त्याच्या गोचिड्या, भिजून आला की सुटणारी ती घाण! मी मनातल्या मनात त्याला शिव्यांची लाखोली वाहायचे. कुणीतरी मला एकदा घसाघसा धुवावे, एवढीच माझी इच्छा होती.

ती पुरी केली बेबाबाईने. बेबाबाई ही आबांची लेक, सोनगीरच्या शाळेत मास्तरीण. अठ्ठ्याऐंशी सालच्या वैशाखात ती बापाला कायमचे आपल्या घरी न्यायला आली. आबांनी एकच अट घातली.

"भुऱ्या येईन तं मी येईन. नाई तं मले अठीच राहू दे."

"आबा, इंजिनाचा आवाज आला तरी तो खाटीखाली घुसतो. धुळ्याच्याही पुढं कसा न्यायचा त्याले?"

"गोणी घे बरोबर. गोणी असली का त्याले कोठीबी घर वाटते."

बेबाबाईने मला दोन बोटांत धरून उचलले. "हे घेऊन चार लोकांत बसायचं? आपण शेजारी बसलो का लोक आधीच पाय आखडून घेतात, आबा. त्यांले बोलाले अजून कारण कायले द्यायचं?"

ती बौद्धवाड्यात वाढली होती. तिच्या अंगावरच्या लुगड्याला कधी कुणी डाग पाहिला नसेल, कारण डाग शोधायला टपलेले डोळे तिने लहानपणापासून पाहिले होते. तिने विहिरीवर मला सोड्यात भिजवले, साबण लावला, दगडावर आपटले. आबांचे धोतर, सदरे, चादर, सगळे धुतले. फेट्याकडे हात नेला तेव्हा मात्र आबा कडाडले.

"त्याले हात नको लावू! माह्या बापाले ह्या गावात कोनी फेटा बांधू देला नाई. हा माह्या डोक्यावून मसनातच उतरीन."

मी उन्हात वाळत होते आणि खुशीत होते. जन्माची घाण गेली होती.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीने जळगाव गाठले आणि तिथून हिलाल ड्रायव्हरच्या काळीपिवळी जीपमध्ये बसलो. माणसे दाटीवाटीने कोंबलेली. गाडीत ओकू नये म्हणून बेबाबाईने त्या सकाळी भुऱ्याला पोटभर खाऊ घातले नव्हते. दारापासून लांब, आबांच्या पायांशी तिने मला अंथरले, भुऱ्याला बसवले आणि त्याची दोरी हाताला गुंडाळून घेतली.

जीप घरघरली. भुऱ्याने माझ्यात नाक खुपसले. हुंगले. पुन्हा हुंगले. सगळीकडे साबण! त्याने माझ्याकडे पाठ फिरवली, जणू मी कुणी परकी. मग थरथर कापत त्याने असा गळा काढला की पुढच्या बाकावरचे लोकही दचकले.

समोर अभिमन नाना बसले होते. धुळ्याला लग्नाला निघालेले, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. "बठ्ठा कपडा खराब करी टाकीन हाई कुत्रं!" ते ओरडले. "तोंड बांधा त्यानं!"

एरंडोलला हिलालने सुतळी फेकली आणि नानांनी स्वतःच भुऱ्याचे तोंड करकचून आवळले. मित्रांनो, कुत्र्याला तुमच्यासारखा घाम सुटत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा पंखा. वैशाखाच्या उन्हात, तापलेल्या पत्र्याखाली तोच बंद केला. भुऱ्याचे डोळे पांढरे व्हायला लागले तशी बेबाबाईने ती सुतळी नखांनी ओरबाडून काढली.

"मरून जाईल ना तो!"

"मरू दे," नाना म्हणाले.

हिलालने मान वळवली आणि पारोळ्यापर्यंतची मुदत दिली. "बाई, पारोळा लगून गप बसना ते बसना. नही ते रस्तावर उतारी दिसू. गाडी माणसेसनी शे, ढोरेसनी नही."

"तो उतरला तं मीबी उतरतो," आबा शांतपणे म्हणाले.

बेबाबाईच्या तोंडचे पाणी पळाले. बापाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे तिला ठाऊक होते. आंधळा म्हातारा भर उन्हात कुत्र्याला कवटाळून रस्त्याकडेला बसला असता, पण गाडीत पुन्हा चढला नसता.

तेवढ्यात भुऱ्याने आबांच्या छातीवर पाय रोवले आणि तो त्यांच्या डोक्याकडे झेपावला. "चावना, चावना!" कुत्रा चावला म्हणून एकच कालवा झाला. बेबाबाईने त्याला खाली ओढले. तो पुन्हा वर. तो चावत नव्हता. तो आबांचा फेटा हुंगत होता. बेबाबाई खाली वाकली आणि चारचौघांत मला नाकाशी धरले.

"आबा," तिचा आवाज फाटला, "म्या त्याचं घर धुऊन टाकलं."

आबांचे हात हळूच फेट्याकडे गेले.

"नको आबा. इथं नको. ह्या लोकांसमोर नको."

आबांनी फेटा उलगडला. घामाचा, बिडीचा, केळीच्या चिकाचा तो मळकट फेटा त्यांनी चाचपडत माझ्यावर पसरला आणि बोडक्या डोक्याने ताठ बसून राहिले.

अभिमन नाना फिदीफिदी हसले. "कुत्रासाठे फेटा उतारा म्हतारानी!"

"माणसापुढं नाई उतरला कधी, नाना," आबा म्हणाले. "ह्याच्यापुढं उतरवला."

भुऱ्याने फेट्यात नाक घातले. तो गरगर फिरला, माझ्यावर अंग टाकले, आणि त्याचा आवाज थांबला. कापणे लगेच थांबले नाही. बेबाबाईने त्याच्या छातीवर हात ठेवला. दटावले नाही, थोपटून हैराण केले नाही, फक्त हात ठेवून बसली. शेजारचा पडदा बोटभर सरकवून वारा येऊ दिला. पारोळा आले. हिलालने आरशात पाहिले आणि गाडी तशीच पुढे काढली. मुकटीच्या थांब्यावर भुऱ्या चार घोट पाणी प्यायला. त्याच्याबद्दल कुणी एक बरा शब्द काढला नाही. नाना तर धुळ्याला उतरताना माझ्यावर मुद्दाम पाय देऊन गेले.

सोनगीरला बेबाबाईच्या ओट्यावर मी भुऱ्याखाली पुष्कळ वर्षे काढली आणि पूर्वीसारखी घाण झाले. आज भुऱ्या नाही, आबाही नाहीत. जीपमधली ती एक वेळ सोडली तर फेटा आबांच्या डोक्यावरून मसणातच उतरला, त्यांनी म्हटले होते तसा.

शेजारची सुंदरबाई अधूनमधून नाक मुरडते. "बाई, हाई गोनी धोई टाका ना!" बेबाबाई ऐकून घेते आणि मला उचलून घरात ठेवते. लोकांच्या बोलण्याची तिला आता पर्वा नाही.

तेव्हा मित्रांनो, मुक्या जिवाला प्रवासाला न्याल तर सुतळी आणि शिव्या घरी ठेवा, त्याचे मळके अंथरूण तेवढे बरोबर घ्या. भुऱ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. पण शाळा सुटल्यावर बेबाबाई दार लोटून घेते आणि माझ्यात तोंड खुपसून बसते. तेव्हा मी श्वास रोखून धरते, कारण भुऱ्याच्या वासाखाली त्या फेट्यातला आबांच्या घामाचा, बिडीचा वास माझ्यात मुरला आहे, आणि बापाचे तिच्याजवळ आता तेवढेच उरले आहे.

मला साबण लावू नका.