ओल्बोसने नाव सोडलं

जुमगालच्या खोऱ्यात एके काळी दर दोन-चार वस्त्यांमागे एखादा तरी ओल्बोस असायचा. ओल्बोस म्हणजे न मरणारा. ज्या घरातली पोरं पाळण्यातच जायची, त्या घरात हे नाव ठेवत. पुढे दवाखाना झाला, लशी आल्या, पोरं जगू लागली आणि असल्या नावांची लोकांना लाज वाटू लागली. आता सगळ्या खोऱ्यात एकच ओल्बोस उरला होता, ऐंशी उलटलेला. शाळेत असताना पोरांनी त्याला नदीत ढकललं होतं, खरंच मरत नाही का ते बघायला. ती पोरंही कधीच मातीआड झाली.

त्याच्या आधीचे सहा भाऊ नाव ठेवायच्या आत गेले होते. ते दाराशी येतात, हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. गुरं परतली, धूळ खाली बसली की उंबऱ्यापलीकडून पोरांचे आवाज यायचे, "ओल्बोस, ए ओल्बोस!" न्यायलाच यायचे ते. पण न्यायचं तर हाक मारावी लागे, आणि हाक मारली की 'मरणार नाही' असं त्यांच्याच तोंडून निघे. मग बिचारे हात हलवत परत जात. आईने नाव ठेवलं होतं ते याचसाठी. बायको गेली, मुलगा गेला. हा मात्र राहिला.

त्याला खरं छळत होतं ते मात्र वेगळंच. नातसून बेगायिम हिला सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायची बंदी होती, तशी तिथल्या प्रत्येक सुनेला असते. नाव तर नाहीच, त्यातला शब्दसुद्धा नाही. शेजारणीच्या सासऱ्याचं नाव लांडगा, तर ती बाई जन्मभर लांडग्याला 'डोंगरातला कुत्रा' म्हणत आली. बेगायिमचं पहिलं मूल तापाने गेलं. दुसरं आजारी पडलं तेव्हा म्हातारा पडद्याआड बसून ऐकत होता. "तू राहशील रे माझ्या राजा. थांबशील तू. कुठ्ठं जाणार नाहीस." सगळं म्हणून झालं, 'मरणार नाहीस' तेवढं तिला म्हणता आलं नाही. ते याचं नाव होतं. 'म्हण पोरी' एवढं बोलायला त्याची जीभ रेटली नाही. मूल गेलं, आणि तेव्हापासून त्याला घास गोड लागला नव्हता.

आता तिसरा मुलगा. आज त्याचं नाव ठेवायचं होतं, आणि सकाळपासून त्याने दूध तोंडात धरलं नव्हतं. शेजारची सुयूम म्हातारी रिवाजाप्रमाणे बाळाचं अंगडं आधी कुत्र्याच्या गळ्यात घालून घेऊन आली.

"घ्या, कुत्र्याने तर आनंदाने घातलं," ती म्हणाली. "आता नाव द्या दमदार. तुमचंच द्या की!"

नातू मेदेर चिडला. "काहीतरीच काय, आजी! घरात त्या नावाचं जितंजागतं माणूस असताना? आणि बेगायिम स्वतःच्या पोराला हाक कशी मारणार?"

"'शुक शुक' करेल," सुयूम म्हणाली. पण स्वतःच हसली नाही.

बेगायिमने म्हाताऱ्याकडे एकदाच पाहिलं. त्याने मान खाली घातली. त्याला भीती वाटत होती, या वयात, लाज वाटावी इतकी. तो आणि दाराशी येणारे ते सहा जण यांच्यामध्ये त्या नावाशिवाय दुसरं काही नव्हतं.

"आण इकडे त्याला," तो म्हणाला.

त्याने बाळाच्या कानात अजान म्हटली, मग तीनदा नाव सांगितलं, "ओल्बोस. ओल्बोस. ओल्बोस." आणि मान वर करून म्हणाला, "दिलं. आता ते माझं नाही."

"मग तुम्हाला काय म्हणायचं, आजोबा?" मेदेरने विचारलं.

"म्हातारा म्हणा. गावात दुसरा उरलाय कोण?"

पाहुणे तळलेले बोर्सोक खाऊन पांगले. गुरं परतली. पाळण्यातलं बाळ रडेनासं झालं होतं. बेगायिम वाकून बसली होती. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. इतक्या वर्षांची सवय.

"म्हण, पोरी," तो म्हणाला. "मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"ओल्बोस," ती पुटपुटली. मग मोठ्याने, मग हंबरडा फोडून, "ओल्बोस! ओल्बोस रे!" आधीच्या दोघांसाठी अडकलेलं सगळं त्यात होतं. म्हाताऱ्याच्या तोंडात 'ओ' आली. ती दिली असती तर नाव परत त्याच्याकडे आलं असतं. त्याने बाही दातांत दाबून धरली.

बाळ चुळबुळलं, रडलं आणि छातीला लागलं. दूध गिळल्याचा आवाज सगळ्या घरात ऐकू येत होता.

बाहेर धूळ खाली बसली. उंबऱ्यापलीकडून हाक आली. तिच्यात नाव नव्हतं. नुसतंच "ए, ये ना!" अशी, जशी बिननावाची पोरं आपल्यातल्याच एकाला मारतात.

म्हाताऱ्याने बूट चढवले, टोपी घातली.

"कुठे निघालात?" बेगायिमने विचारलं.

"इथेच, दाराशी," तो म्हणाला. "तू त्याला हाक मारत राहा." आणि बाळ दचकू नये म्हणून बाहेर पाहत अगदी हळू बोलला, "आलो रे."