रिकामा खिळा

“माशांनी घाण करून ठेवलाय मेला. बघायला सगळं जग, पुसायला मी एकटी.”

दर सोमवारी ओत्ताविया असं पुटपुटते आणि ओल्या फडक्याने माझ्या काचा पुसते. पुसताना बघते मात्र भिंतीकडे. एकोणीस वर्षांत तिने माझ्याकडे एकदाही सरळ पाहिलेलं नव्हतं.

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा कंदील आहे. तुम्हाला वाटेल, म्हातारी वस्तू, गोड गोड आठवणी सांगत बसेल. तसं काही होणार नाही. मला राग आलेला आहे, आणि तो सांगितल्याशिवाय माझा गंज उतरायचा नाही.

इटलीतल्या अस्ती गावच्या बुधवारच्या बाजारात पत्र्याची भांडी करणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला घडवलं. चार काचा, वर कडी, आत एका मेणबत्तीपुरती जागा. ओत्तावियाचा दीर एव्हाझियो, त्याच्या आजोबांनी मला विकत घेतलं. घरी आल्यावर त्यांनी मला ना दारात टांगलं, ना जेवणाच्या खोलीत. सरळ तळघरात नेलं, द्राक्षाच्या दारूच्या हौदाशेजारी खिळा ठोकला आणि सगळ्या घराला बोलावून सांगितलं, “हा ह्या खिळ्यावरून हलेल तो फक्त हौदात जायला. दुसऱ्या कशासाठी कुणी हात लावला, तर हात मोडून ठेवीन.”

त्याला कारण होतं. ऑक्टोबरात बार्बेरा जातीची काळी द्राक्षं चुरडून हौदात भरली, की रस उकळल्यासारखा उसळतो. त्यातून एक वायू निघतो. तो दिसत नाही, आणि पाण्यासारखा तळाशी साचून राहतो. खालच्या तोटीने दारू काढून घेतली, तरी उरलेल्या चोथ्यावर तो दबा धरून बसलेला असतो. चोथा उपसायला माणूस शिडीने उतरला, की दोन श्वासांत आडवा. तुमच्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी दिवा सोडतात ना, तसंच इथे मला सोडायचे. दोरीला बांधून, हळूहळू. माझी ज्योत जगली, तर माणूस उतरायचा. विझली, तर सगळी दारं सताड उघडायची आणि माणसं अंगणात पाव आणि खारवलेली मासळी खात वाट बघायची.

विझणं हेच माझं काम होतं. साठ वर्षं मी माणसांच्या जागी मेलो, आणि दर वेळी कुणीतरी मला प्रेमाने पुन्हा पेटवलं.

त्यात सगळ्यात प्रेमाने पेटवायचा तो चेलेस्तिनो. ओत्तावियाचा नवरा, एव्हाझियोचा थोरला भाऊ. मी विझून वर आलो, की स्वतःच्या बाहीने माझी काच पुसायचा आणि मोठ्याने म्हणायचा, “बायकोने माझ्यासाठी एवढं केलं नाही कधी!” जिन्यावरून ओत्ताविया ओरडायची, “बांध मला दोरीला आणि सोड खाली! बघू कोण विझतं ते!” तळघर हसायचं. तेव्हा ती माझ्याकडे बघायची.

मग पाहुणे यायला लागले. आमच्या डोंगरांवरची जुनी गावं, अस्तीचे मनोरे, द्राक्षांचे मळे, सगळं एकदम लोकांना बघावंसं वाटू लागलं. येऊ देत बापडे, त्यांच्यावर माझा राग नाही. पण एव्हाझियोला समोर चार माणसं दिसली, की जीभ आवरत नाही. त्याने तळघरातच लांब मेज मांडलं आणि त्यावर टांगायला त्याला मी हवा झालो. मेणबत्तीचा नको, विजेचा. ऐन ऑक्टोबरात त्याने मला खिळ्यावरून काढलं आणि अस्तीला विजेच्या दुकानात नेऊन ठेवलं. तीन दिवस मी तिथे होतो, पोटात तार घालून घेत.

त्याच तीन दिवसांत चेलेस्तिनो हौदात उतरला.

मी परत आलो तेव्हा दारावर काळं कापड होतं. “हृदय बंद पडलं,” एव्हाझियो म्हणाला. “हृदय बंद पडलं,” ओत्ताविया म्हणाली. गावही तेच म्हणालं. त्याची मुलगी देल्फिना तेव्हा सहा वर्षांची होती, तिलाही तेच सांगितलं. हृदय! बैलासारखं होतं त्या माणसाचं हृदय. पण मरताना सगळ्यांचीच हृदयं बंद पडतात, म्हणजे खोटं बोलल्याचं पापही नको. केवढी सोय!

पुढच्या वर्षी एव्हाझियोने गुपचूप तळघरातली हवा बाहेर फेकणारा एक मोठा पंखा बसवून घेतला. का, ते त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

आणि माझी काय कथा सांगतात, ऐका. “हा आमच्या आजोबांचा कंदील. हा घेऊन ते रोज मळ्यातून आजीला भेटायला जायचे.” पाहुणे म्हणतात, “आहा!” अरे, कसला आहा? आजोबांना आजी दिसली बैलबाजारात, भर दुपारी. लग्न जमवलं तिच्या मावशीने. मी उभ्या आयुष्यात मळा पाहिलेला नाही!

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण भिंतीवर टांगण्याआधी एवढं विचारा, की ती कुणाला वाचवत होती. आणि तिचा खिळा रिकामा ठेवू नका.

हे मी आजच का सांगतोय? कारण आज सकाळी मिलानहून बस भरून माणसं आली. देल्फिना आता पंचवीस वर्षांची आहे, दारू तीच करते. वायूचं तिला ठाऊक आहे, शिकलेली आहे ती. पण जे आपल्या घरात कधी घडलंच नाही, त्याला कोण घाबरतं?

एव्हाझियोची ती आजोबा-आजीची प्रेमकहाणी पंख्याच्या घरघरीत कुणाला ऐकू येईना, म्हणून तिने पंखा बंद केला. एका बाईंना खरं काम बघायचं होतं. देल्फिनाने गुडघ्यापर्यंतचे बूट चढवले, फावडं घेतलं.

“काका, तुझी गोष्ट आजीपर्यंत पोचेस्तोवर मी चार फावडी चोथा उपसून दाखवते.”

एक पाय शिडीवर. लोक हसले. कुणीतरी कॅमेरा काढला.

माझ्या पोटातला बल्ब तसाच झगझगत होता. हौदाच्या तळाशी काय बसलंय, त्याला पत्ता नाही. बल्ब विझत नाही, मित्रांनो. हाच त्याचा नालायकपणा.

चीजचं ताट घेऊन ओत्ताविया जिना उतरत होती. मधल्याच पायरीवर थांबली.

“देल्फिना, पंखा.”

“दोन मिनिटं गं, आई. सगळ्यालाच काय घाबरतेस?” दुसरा पाय शिडीवर.

“भावजी,” ओत्ताविया म्हणाली. नुसतं तेवढंच.

एव्हाझियोची कथा मळ्याच्या मध्यावर आली होती. ती तिथेच तुटली. मेजाला धडकत तो धावला, तीन पेले फुटले, आणि त्याने देल्फिनाचा दंड धरला.

“सोड ना काका, लोक बघतायत!”

“बघू देत.” त्याला धाप लागली होती. “तुझा बाप हृदयाने नाही गेला.”

ओत्तावियाने ताट पायरीवर ठेवलं आणि वर माझ्याकडे पाहिलं. सरळ.

“ह्याच हौदात गेला,” एव्हाझियो म्हणाला. “खिळा रिकामा बघून त्याने मला हाक मारली होती. ‘एव्हाझियो, दिवा कुठाय?’ दिवा मी नेला होता, ह्या मेजासाठी. मी अंगणातून ओरडलो, ‘एक दिवस नसला तर काय होतंय? उतर.’ उतर, असं मी म्हटलं, देल्फिना. मी.”